गौहरबाईंच्या नावावर टाकलेलं कर्ज

भाकरी-भाजी उरकून, भांडी बाजूला सारून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या मावश्या, काकू, वहिन्या आणि पोरीबाळी, सगळ्यांना आमचा नमस्कार. आज एका मोठ्या गायकाची गोष्ट सांगायची आहे. तो चढला कसा हे सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही बोलणार आहोत तो पडला कसा, आणि पडल्यावर लोकांनी त्याचा दोष कुणाच्या पदरात टाकला, त्यावर.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी जळगावातलं बालगंधर्व खुलं नाट्यगृह पाहिलं असेल. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो, त्याचे फलकही बाजाराला जाता-येता दिसतात. हे नाव आपल्या जळगावाला उगाच चिकटलेलं नाही. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. घराणं सांगलीकडचं, नागठाण्याचं. जन्म २६ जून १८८८ चा. पण हा मुलगा लहानपणी नातलगांकडे जळगावात राहिला, जळगावातच शाळेत गेला आणि मेहबूबखान नावाच्या उस्तादांकडे गाण्याचे पहिले धडे त्यानं इथंच घेतले. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि हा तर बालगंधर्व आहे असं म्हटलं. तेव्हापासून तेच नाव पडलं.

त्या काळी घरंदाज बाई नाटकात उभी राहत नसे. राहिली तर तिला घर उरत नसे. म्हणून बायकांची कामं पुरुषच करायचे. नारायणराव १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले ते शकुंतला होऊन. मग भामिनी झाले, रुक्मिणी झाले, 'एकच प्याला' मधली सिंधू झाले. गळा असा की एकेका पदाला पाच-पाच, सहा-सहा वेळा वन्समोअर मिळायचा आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. आणि रूप असं की शहरातल्या चांगल्या घरच्या बायका ते पातळ कसं नेसतात, शेला कसा घेतात, गजरा कुठं माळतात हे बघून घरी तसंच करायच्या. जरा विचार करा. बाईनं बाईसारखं कसं दिसावं, हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या! आम्हाला यात हसूही येतं आणि थोडं वाईटही वाटतं. कारण तशी गाणारी, तशी उभी राहणारी बाई तेव्हाही असणारच. तिला कुणी उभं राहू दिलं नव्हतं, एवढंच.

त्यांची एक गोष्ट फार सांगितली जाते. १२ मार्च १९११, 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी वारली. लोक तिकिटं काढून आले आहेत, त्यांना परत कसं पाठवायचं, म्हणून ते डोळे पुसून भामिनीच्या वेषात उभे राहिले आणि गायले. प्रेक्षकांना ते 'अन्नदाते मायबाप' म्हणत, आणि त्यांच्यापुरतं ते खरंही होतं. ही गोष्ट ऐकून सगळे धन्य धन्य म्हणतात. आम्हाला मात्र प्रत्येक वेळी त्यांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची आठवण येते. मूल दोघांचं गेलं होतं. बाप थिएटरात गेला, टाळ्या मिळाल्या, नाव झालं. आई त्या रात्री घरात काय करत बसली असेल, हे कुठल्या पुस्तकात कुणी सविस्तर लिहिलेलं आम्ही तरी वाचलेलं नाही.

आता येऊ पैशाकडे. बचत गट चालवणाऱ्या बायांना हा भाग चटकन समजेल.

१९१३ मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. गायला नारायणराव, नटायला बोडस, पेटीला आणि चालींना टेंबे. तिघांचं एकत्र होतं तोवर बरं चाललं. पुढे टेंबे गेले, बोडस गेले, आणि सगळा भार एकट्या नारायणरावांवर आला. माणूस गाण्यात देव, पण व्यवहारात अगदी भोळा. पडदे भारी, शालू खरे, अत्तर खरं, साथीला तबल्यावर थिरकवाँसाहेब आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखी मोठी माणसं. 'द्रौपदी' नाटकातल्या मयसभेच्या देखाव्यावर तर पैसा पाण्यासारखा ओतला. कंपनीच्या पंगतीला सणासुदीसारखं जेवण. येणारा पैसाही भरपूर, पण येतो किती, जातो किती, हे वहीत बघणारं कुणी नाही. आपल्या गटात दर महिन्याला वही उघडून सगळ्यांसमोर आकडे वाचायची पद्धत आहे ना? कधी कधी आपल्याला त्याचा कंटाळाही येतो. तेवढं एक काम त्या कंपनीत झालं असतं तर आजची गोष्ट वेगळी झाली असती.

१९२१ च्या सुमाराला कळलं की कंपनीच्या डोक्यावर लाखाच्या वर कर्ज आहे. तेवढ्या पैशात त्या काळी हजारो तोळे सोनं आलं असतं. चाहत्यांनी वर्गणी काढून कर्ज फेडायची तयारी दाखवली, पण त्यांनी ती घेतली नाही. मी गाऊनच फेडीन म्हणाले, असं सांगतात. आणि पुढची काही वर्षं रात्रीमागून रात्री गाऊन त्यांनी ते खरोखर फेडत आणलं. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण कर्ज फिटलं तरी हात आखडला नाही. खर्चाची रीत तीच राहिली आणि पुन्हा देणी साचत गेली.

हे १९२१ साल लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

मग काळ फिरला. १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला, पहिला बोलपट. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा मराठी 'अयोध्येचा राजा' आला आणि त्यात राणीचं काम दुर्गा खोटे यांनी केलं, चांगल्या सधन घरातली शिकलेली बाई. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आलं, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्याच्याही आधी १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली होती. लोकांनी एकदा खऱ्या बाईला बाईचं काम करताना पाहिलं, खऱ्या बाईच्या गळ्यातून बाईचं दुःख ऐकलं, की पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषाला लुगड्यात बघणं अवघड होत जाणारच. शिवाय बोलपटाचं तिकीट काही आण्यांचं, खेळ अडीच तासांचा, आणि रोज तेच गाणं तसंच्या तसं. रात्रभर चालणारं महागडं नाटक त्याच्यापुढे टिकेना. वऱ्हाड-खानदेशात कपाशीचा पैसा आला की नाटक कंपन्यांचे मुक्काम पडायचे, तेही हळूहळू बंद झाले. यात कुणाचा गुन्हा नव्हता. आमचं तर म्हणणं आहे, बायकांच्या दृष्टीनं ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्याचं सगळं आयुष्य बाईचं सोंग देखणं करण्यात गेलं, त्याच्या पायाखालची जमीन मात्र सरकली.

१९३४ च्या सुमाराला गंधर्व मंडळी थांबली आणि नारायणराव सिनेमात गेले. प्रभातशी करार झाला. १९३५ मध्ये 'धर्मात्मा' आला, व्ही. शांताराम यांनी काढलेला. चित्रपटाचं नाव आधी 'महात्मा' होतं, ते सरकारी तपासणीत अडलं म्हणून बदलावं लागलं. त्यात नारायणराव संत एकनाथ झाले होते, म्हणजे पुरुषाच्या वेषात. लोक गेले, पाहिलं आणि हिरमुसले. आपले बालगंधर्व हे नव्हेत, असं त्यांना वाटलं. आणि खुद्द नारायणरावांचाही जीव तिथं रमला नाही. आम्हाला वाटतं याचं कारण सोपं आहे. ते समोरच्या माणसाकडे बघून गाणारे. टाळी आली की तान वाढवणार, वन्समोअर आला की तेच पद नव्या तऱ्हेनं गाणार. कॅमेऱ्यासमोर टाळी नाही. तुकड्या-तुकड्यानं गायचं, थांबा म्हटलं की थांबायचं. भजनात रंगलेल्या बाईला मधेच कुणी म्हणालं, ताई, आता फक्त दुसरी ओळ पुन्हा म्हणा, तर तिचं जे होईल तेच त्यांचं झालं. प्रभातबरोबरचे पुढचे चित्रपट झालेच नाहीत. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांनी त्यांना घेऊन 'साध्वी मीराबाई' काढला. त्यात ते पुन्हा बाईच्या वेषात, मीराबाई झाले. तोही चालला नाही. रंगमंचावर दिव्यांच्या उजेडात, लांबून जे रूप लोकांना भुलवायचं, ते पडद्यावर जवळून आणि मोठं दिसलं तेव्हा वय लपलं नाही.

म्हणजे बघा, दोन चित्रपट पडले, कंपनी बंद पडलेली, देणी आहेतच. इथपर्यंतच्या गोष्टीत गौहरबाई कुठेच आलेल्या नाहीत.

त्या आल्या १९३८ च्या आसपास. गौहर कर्नाटकी, विजापूर भागातल्या, गाण्याच्या घरातल्या. मातृभाषा कानडी, धर्मानं मुसलमान. (कलकत्त्याची गौहर जान ती निराळी. १९०२ मध्ये आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हाची ती पहिली मोठी गायिका. कोर्टकज्ज्यांत पुष्कळ गमावून ती १९३० मध्ये म्हैसूरला वारली. दोघींच्या नावात पुष्कळांचा घोटाळा होतो.) आपल्या गौहरबाईंची बहीण म्हणजे अमीरबाई कर्नाटकी. १९४३ च्या 'किस्मत' चित्रपटातली तिची गाणी देशभर गाजली. गौहरबाईंचंही नाव होत होतं. सिनेमात कामं केली होती, रेकॉर्डी निघत होत्या. बालगंधर्वांची गायकी त्यांनी इतकी अंगात मुरवली होती की डोळे मिटून ऐकणाऱ्याला क्षणभर फसायला व्हावं. अशी बाई नारायणरावांच्या मोडत्या कंपनीत आली, नायिकेची कामं करू लागली, आणि दोघं एकत्र राहू लागले. लक्ष्मीबाई तेव्हा हयात होत्या. १९४० मध्ये त्या गेल्या. गौहरबाईंशी लग्न झालं ते १९५१ मध्ये.

लक्ष्मीबाईंवर अन्याय झाला, हे आम्ही झाकणार नाही. ज्या घरात आधीच मुलांची मरणं आणि नवऱ्याचं सततचं फिरणं होतं, तिथं हेही त्यांच्या वाट्याला आलं. पण तो अन्याय ज्यानं केला त्याला लोकांनी काय म्हटलं, आणि गौहरबाईंना काय म्हटलं?

नारायणरावांना म्हटलं, देवमाणूस, भोळा, फसला. गौहरबाईंना म्हटलं, हिनं नादी लावलं, हिनं कंपनी बुडवली, हिनं पैसा खाल्ला, हिनं जवळची माणसं तोडली. धर्मावरून बोलले ते वेगळंच. आपल्याकडे यासाठी शब्द तयारच असतो: पांढऱ्या पायाची. सून आली आणि त्या साली विहीर आटली, म्हैस दगावली, सासरा पडला, की तिच्या पायांकडे बघायचं. विहीर तीन वर्षांपासून खाली चालली होती, हे कुणी मोजत नाही.

म्हणून मघाशी म्हटलं, १९२१ साल लक्षात ठेवा. लाखाचं कर्ज झालं तेव्हा गौहर परकर-पोलक्यातली पोर होती. बोलपट तिनं आणला नाही. मयसभा तिनं उभारली नाही. 'धर्मात्मा' मध्ये ती नव्हती. तारखा नुसत्या एकाखाली एक लिहून काढल्या तरी दिसतं की घर पडलं आधी, ही आली नंतर. पडक्या घरात आली, हीच तिची चूक म्हणायची तर म्हणा.

आता त्या अगदी गायीसारख्या होत्या आणि त्यांच्या हातून काही चुकलंच नाही, असं आम्ही म्हणत नाही. पुढच्या काळात कंपनीचा कारभार त्यांच्या हाती गेला आणि जुन्या लोकांना तो जाच वाटला, असं पुष्कळांनी म्हटलं आहे. असेल. बाईच्या हाती तिजोरीची किल्ली गेली की जाच वाटणारे पुष्कळ निघतात, हेही तुम्हाला माहीत आहे. पण नारायणराव हे काही कुणी कडेवर नेलेलं मूल नव्हते. पन्नास वर्षांचा, अर्ध्या हिंदुस्थानानं डोक्यावर घेतलेला पुरुष होते. आपलं गाणं कुठं न्यायचं, पैसा कुठं घालायचा, कुणाबरोबर राहायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. ते श्रेय घेताना मोठे आणि दोष घेताना लहान, असं कसं चालेल?

यात प्रेक्षकांचाही वाटा आहे, आणि त्या प्रेक्षकांत बायका खूप होत्या. ज्या माणसानं त्यांना सिंधू दाखवली, फाटक्या लुगड्यात दारुड्या नवऱ्याचे पाय धरून राहणारी पतिव्रता दाखवली, त्यानं स्वतःच्या घरात असं करावं हे त्यांना सहन झालं नाही. सिंधू त्यांना खरी वाटली होती. सोंग आणि माणूस यांत फरक करायला कुणी तयार नव्हतं. पुढे पुढे वय झालेलं, अंग सुटलेलं, तरी लोकांना पुन्हा तेच बालगंधर्व हवेत म्हणून ते पुन्हा साडी नेसून उभे राहिले. काही जण डोळे मिटून गाणं ऐकत आणि रडत. काही जण डोळे उघडे ठेवून हसत. गळा अजून होता. मान मिळवून देणारी जागा उरली नव्हती.

मग १९५० नंतरच्या काळात पाय अधू झाले. उभं राहणंच संपलं तिथं नाटक कुठलं! बसून अभंग-भजनं गायचे कार्यक्रम करत, त्यावर गुजराण. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण. कागदावर मोठे मान आणि घरात ओढाताण, असं आपल्याकडच्या किती कलावंतांचं झालं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर घ्या. राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलेली बाई, पोटातलं मूल तमाशाच्या राहुटीत जन्माला घालून पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली, आणि शेवटच्या आजारात औषधपाण्यासाठी लोकांकडे बघायची वेळ आली. नारायणरावांच्या 'मानापमान' च्या रात्रीची गोष्ट आणि विठाबाईंची ही गोष्ट शेजारी ठेवून बघा. एकीला आपण त्याग म्हणतो. दुसरी सांगताना अजूनही काही जणांच्या तोंडावर हसू येतं.

आपल्या धुळे-जळगावकडच्या यात्रांत तमाशाचे तंबू लागतात, आता ऑर्केस्ट्रा असतात. तमाशात दसऱ्याला हंगाम सुरू होताना कलावंत मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर नाचून-गाऊन ती फेडतात. हंगाम बुडाला, पाऊस आला, यात्रा रद्द झाली, तर उचल अंगावर राहते. फड बुडाला की गावात बोललं जातं, अमकीच्या भानगडीनं बुडाला. फड कशानं बुडाला हे मालकाच्या वहीत असतं, पण ती वही कोण मागतं? आणि हल्ली तर मोबाइल आहे. एखाद्या पोरीचा एखादा व्हिडिओ फिरला की तिला बोलावणारे संपतात, आणि त्याच व्हिडिओत पैसे उधळणारा गडी पुढच्या यात्रेत पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो. आम्ही हे कुणावर खापर फोडायला सांगत नाही. पण पुढच्या वेळी ओट्यावर अशी गोष्ट निघाली की एक-दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. कर्ज कधीचं? सही कुणाची? ती बाई तेव्हा होती कुठं?

नारायणरावांचे पाय गेल्यानंतरची वर्षं कुणी काढली, तेही सांगायला हवं. उठवणं, बसवणं, आलं-गेलं बघणं, हे सगळं घरात ज्यांनी केलं त्या गौहरबाईच. बुडवायला आलेली बाई बुडाल्यावर निघून जाते. ह्या गेल्या नाहीत. बहीण मुंबईत सिनेमात गाजत असताना यांनी स्वतःचा गळा, स्वतःची उमेदीची वर्षं त्या एका माणसाच्या पडत्या काळात घातली. नारायणरावांची कारकीर्द परत उभी राहिली नाही, हे सगळे हळहळून सांगतात. गौहरबाईंचीही राहिली नाही. त्यांच्यासाठी हळहळणारं कुणी फारसं भेटत नाही.

१९६४ मध्ये, नारायणरावांना पद्मभूषण मिळालं त्याच साली, गौहरबाई वारल्या. त्यानंतर नारायणराव तीन वर्षं जगले आणि १५ जुलै १९६७ ला पुण्यात गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. २०११ मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट आला, सुबोध भावे यांनी काम केलेला. तुमच्यातल्या काहींनी तो टीव्हीवर पाहिलाही असेल. पाहिला नसेल आणि पुढे कधी लागला, तर आजच्या तारखा मनात ठेवून पाहा.

गौहरबाईंच्या रेकॉर्डी मात्र अजून ऐकायला मिळतात. आता त्यातली एक आपण लावणार आहोत. गाणं त्यांचं, आवाज त्यांचा. रेकॉर्ड फार जुनी आहे, सुरुवातीला खरखर येईल. आवाज जरा वाढवा आणि पोरांना दोन मिनिटं गप्प बसवा.